रेंजचं झाड आणि वैनीची स्कुटर

आमच्या वाडीत फोन घरात ठेवत नाहीत, झाडाला टांगतात. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पाहुणे येतात, फोन उंच धरून अंगणभर फिरतात आणि मग आमच्याकडे अशा नजरेनं बघतात की जणू रेंज आम्हीच कुठेतरी दडवून ठेवली आहे. नंदिगड्ड्याहून जंगलातून जो कच्चा रस्ता आमच्याकडे येतो, त्याच्या शेवटी एक टेकाड आहे आणि टेकाडावर किंदळाचं एक जुनं झाड. रेंज येते ती त्या झाडाखाली. तिथून उतरायला लागलं की दहा-पंधरा पावलांत ती संपते. जोयडा तालुक्यात अशी झाडं, असे दगड, असे बांध गावोगावी आहेत. दिग्गीकडे माझ्या मेहुण्याच्या गावात तर रेंज रस्त्यावरच्या एका मोरीवर येते, आणि ज्याला बोलायचं असेल तो मोरीच्या कठड्यावर चढून उभा राहतो. त्या मानानं आमचं बरं आहे. आम्हाला सावली आहे.

वाडीत सात घरं आणि आठ-नऊ फोन. सकाळी ज्याचं टेकाडावर जाणं असेल तो सगळ्यांचे फोन गोळा करून नेतो आणि झाडाला बांधलेल्या टोपलीत ठेवतो. सुरुवातीला आम्ही माकडांच्या भीतीनं झाकणाचा स्टीलचा डबा टांगला होता. फोन डब्यात गेले आणि रेंज बाहेर राहिली. दोन दिवस सगळ्यांनी आभाळाकडे बघून शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी माझ्या दादानं, म्हणजे थोरल्या भावानं, काही न बोलता डबा काढला आणि वेताची टोपली बांधली. दादा जंगलखात्यात रोजंदारीवर आहे. तो दिवसाला वीस वाक्यं बोलत असेल, त्यातली पंधरा गुरांशी.

टोपलीतल्या फोनवर काय आलं ते वाचायचं आणि ज्याचं त्याला ओरडून कळवायचं, हे झाडाखाली असणाऱ्याचं काम. तिथं गुरं वळणारा असतो, नाहीतर सरपणाला गेलेली कुणी असते. गॅसची गाडी खाली रस्त्यावर येऊन थांबली आणि गाडीवाल्यानं नंबर मागितला की टेकाडावरून कुकारा येतो, आणि मग 'चाऽर, नऊऽ, शून्यऽ' करत तो ओटीपी टेकाडावरून शेतात, शेतातून अंगणात आणि अंगणातून गाडीवाल्यापर्यंत पोचतो. तीन तोंडांतून जातो पण चुकत नाही. माझं नंदिगड्ड्यात छोटं दुकान आहे. झेरॉक्स, अर्ज, लाईटबिलं, फोटो असलं सगळं. दुकानात बसून वाडीतल्या कुणाचा अर्ज भरत असलो की मी झाडाला फोन लावतो. कुणाचाही नंबर फिरवला तरी चालतं, कारण उचलणारा एकच असतो. तो माझा आवाज ओळखतो का, असं विचाराल तर मला शंकाच आहे. कुणीतरी नंबर मागतंय, म्हणजे त्याला तो पाहिजे असणार, एवढ्यावर तो वाचून दाखवतो.

आणि झाडाखाली हळू कुणी बोलत नाही. दरीभर ओरडायची सवय लागलेला गळा फोन कानाला लावला म्हणून खाली येत नाही. त्यामुळे कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या जावयानं नोकरी सोडली, हे वाडीला एकाच वेळी कळतं. रुसवे-फुगवे होतात, पण कुणी कुणाला चोरून सांगितलं म्हणून होत नाहीत.

हाकेचीही एक रीत आहे. रानात पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसऱ्या हाकेलाही नाही. जे माणूस नसतं ते दोनदाच हाक मारतं, तिसरी हाक आली म्हणजे माणूस, असं आमच्याकडे मानतात. मग एखाद्याचं कितीही अडलेलं असो, खालचा माणूस दोन हाका ऐकून मान खाली घालून आपलं काम करत राहतो आणि तिसरीला सावकाश वर बघून म्हणतो, "व्हय, काय म्हनतासा?" मला या रीतीचा फार राग यायचा. तसा मला कशाचाही राग येतो. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे वाडीतल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. मी दुकानाचा चष्मा लावलेला असला की ती माझ्या वाटेला जात नाहीत.

तीन वर्षांपूर्वी मी जोयड्याला एका दिवसाच्या शिबिराला जाऊन आलो. मोबाईलवरून पैसे कसे द्यावे, कसे घ्यावे आणि कसे बुडू नयेत, असा विषय होता. जाताना मी दुकानदार होतो, येताना पंडित होऊन आलो. पुढच्याच रविवारी वाडीतल्या सगळ्यांना शाळेच्या व्हरांड्यात गोळा केलं आणि तासभर झोडपलं. ओटीपी कुणाला सांगायचा नाही. पिन तर बायकोलाही सांगायचा नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, पिन लागतो तो पैसे देताना. घेताना कधीच लागत नाही. घेण्यासाठी पिन टाका असं कुणी म्हणालं की समजायचं, चोर आहे. हे वाक्य मी तीनदा म्हटलं आणि तिसऱ्या वेळी टेबलावर मूठ आपटली.

"मग नंबर सांगायला दर टायमाला टेकाडावर कोन चढनार?" पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं विचारलं.

यावर मी एक युक्ती काढली. नंबर ओरडायचा, पण प्रत्येक आकड्यात एक मिळवून ओरडायचा, आणि खाली ऐकणाऱ्यानं एक वजा करायचा. वरच्यानं मिळवला तर खालचा वजा करायला विसरला. खालच्याला आठवण राहिली तर वरच्यानं मिळवलाच नाही. मधल्या तोंडांनी तर आपापल्या परीनं आणखी एकेक मिळवला. गॅसची गाडी दोनदा भरलेली आली आणि भरलेली परत गेली. शेवटी बायकांनी चुलीवर भाकरी थापता थापता माझा जो उद्धार केला तो मी दुकानात बसून ऐकला नाही, एवढंच माझं नशीब. युक्ती त्या आठवड्यात बंद पडली आणि नऊ आणि एक मिळवून काय ओरडायचं, हा प्रश्न तसाच राहिला.

त्या व्याख्यानाला मागच्या खांबाला टेकून माझी वैनी बसली होती. दादाची बायको. मी शाळेत होतो तेव्हा ती लग्न होऊन खानापूरकडून आमच्या घरात आली. माझे सदरे तिनं धुतले, माझे मार्क तिनं दादापासून लपवले, तरी आजतागायत ती मला भावजी म्हणते आणि अहोजाहो करते. झापतानाही अहोजाहोच करते, त्यामुळे ते जास्त लागतं.

वैनी परसात कंद लावते. कोनं, कणगं, झाडकणगं, शिवाय आमसुलं करते, आणि हे सगळं आठवड्याच्या बाजाराला जोयड्याला नेऊन विकते. माल तिचा चांगला असतो, अडचण जाण्याची. बस आपल्या मर्जीनं येते. मग पोतं घेऊन रस्त्याला उभं राहायचं आणि जो दुचाकीवाला येईल त्याच्या मागं बसायचं. कुणी पोत्यासकट घ्यायला तयार नसतो, कुणी घेतो आणि वाटेत गप्पांना थांबतो. एकदा एकानं तिला नेलं आणि कोनांचं पोतं विसरला. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं जाहीर केलं की ती स्कुटर घेणार आहे. स्वतःची, स्वतःच्या पैशांनी, आणि चालवणारही स्वतः.

दादा भाकरी मोडता मोडता थांबला. "पडशील," तो म्हणाला. तो त्या दिवसातला त्याचा सर्वांत मोठा उद्गार असावा.

"पडीन आनि उठीन," वैनी म्हणाली.

तिचं बँकेतलं खातं मीच उघडून दिलं. पैसे घ्यायला क्यूआर कोड असलेला फलक मीच छापून, प्लास्टिक चढवून दिला. फोनवर ॲपही मीच घातलं. पिन टाकायची वेळ आली तेव्हा मात्र तिनं माझ्याकडे पाठ केली, पदर आडवा धरला आणि फोन पदराखाली घेऊन चार आकडे दाबले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सगळं मी करून दिलं आणि माझ्यासमोरच पदर? "वैनी, मी काय चोर आहे काय?" मी म्हणालो.

"तुमीच सांगितलासा न्हवं, बायकोलाबी सांगू नका म्हनून," ती म्हणाली. "मग दिराला कशाला?"

तिचं बघून वाडीतल्या सगळ्या बायका पिन पदराखाली टाकायला लागल्या. पुरुषांनी काही दिवस हसून घेतलं आणि मग तेही खांद्यावरचा पंचा डोक्यावरून ओढून टाकू लागले. बाजारात आमच्या वाडीचा माणूस कुणी लांबून ओळखायचा असेल तर हेच बघायचं.

दोन वर्षं वैनीचे पैसे त्या खात्यात साठत गेले. घरखर्चाला तिनं हात लावू दिला नाही, दिवाळीला साडी घेतली नाही, दर बाजारानंतर झाडाखाली जाऊन बँकेचा मेसेज वाचायची आणि येताना टेकाडावरून गुणगुणत यायची. दांडेलीला जाऊन तिनं रंगही ठरवून ठेवला होता, लाल. पहिला हप्ता भरायचे पैसे त्या थंडीत पुरे होत आले. त्या खात्यात वैनीची स्कुटर होती असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

त्या रविवारी दुकान बंद होतं. सकाळी मी सगळ्यांचे फोन घेऊन टेकाडावर गेलो, टोपलीत ठेवले आणि झाडाला टेकून आपल्या फोनवर काहीबाही बघत बसलो. खाली परसात वैनी कोनं खणत होती. तिचा पिवळा पदर तिथून स्वच्छ दिसत होता. तेवढ्यात टोपलीतला तिचा फोन वाजला आणि मी तो उचलला. उचलायचाच, ती रीतच आहे.

पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. गोव्याकडच्या एका मोठ्या रिसॉर्टच्या स्वयंपाकघरातून बोलतोय म्हणाला. जोयड्याच्या कंदांची कीर्ती ऐकली, दोन क्विंटल कोनं पाहिजेत, दर महिन्याला पाहिजेत, भाव तुम्ही सांगाल तो. मी म्हणालो, फोन माझ्या वहिनीचा आहे, पण व्यवहार मी बघतो. हे साफ खोटं होतं. तो म्हणाला, "सर, मग तुमच्याशीच बोलतो. तुमच्यासारखा जाणकार माणूस भेटला, बरं झालं, सर."

मला आजवर सर असं कुणीही म्हटलेलं नव्हतं. दुकानात मला 'ओ झेरॉक्सवाले' म्हणतात. त्यानं दोन मिनिटांत सात-आठ वेळा सर म्हटलं आणि मी फुगत गेलो. खातं चालू आहे ना सर, त्यानं विचारलं. चालू म्हणजे काय, मी म्हणालो. जुनं-बंद खातं असलं की आमची रक्कम अडकते, साधारण शिल्लक किती असते त्यात, सर? सकाळचाच बँकेचा मेसेज समोर होता. खातं कसं भरलेलं आहे ते त्याला कळावं म्हणून मी तो आकडा पैशांसकट वाचून दाखवला. हे मी पुढे कितीतरी दिवस कुणालाही सांगितलं नाही. स्वतःलाही सांगायला नको वाटायचं.

"आगाऊ रक्कम पाठवतोय, सर," तो म्हणाला. "स्क्रीनवर आली की पिन टाकून घ्या. घाई करा, दोन मिनिटांत ती परत जाते. अणशीकडचा एक जण तयार बसलाय, पण मला तुमचाच माल पाहिजे."

स्क्रीनवर खरंच काहीतरी आलं. इंग्रजीत चार ओळी, खाली आकडा आणि पिनसाठी चौकोन. मी तेवढं वाचलं असतं तर माझ्या लक्षात आलं असतं. वाचायला मला येतं, त्याचे मी लोकांकडून दहा रुपये घेतो. पण माझ्या डोळ्यांपुढे दर महिन्याचे दोन क्विंटल होते, लाल स्कुटर होती आणि ती माझ्यामुळे आली असं म्हणणारी वाडी होती. मी टेकाडाच्या टोकावर धावलो आणि खाली ओरडलो, "वैनीऽऽ! पिन सांगऽऽ!"

पिवळा पदर हलला नाही. कुदळ वर गेली, खाली आली.

"वैनीऽऽ! आगं पिनऽऽ!"

कुदळ परत वर गेली, परत खाली आली. कानाला लावलेल्या फोनमधून तो 'सर, एक मिनिट राहिलं' म्हणत होता आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. एवढा व्यवहार दारात आलाय आणि ही बाई हाका मोजत बसली आहे.

तिसऱ्या हाकेला तिनं पाठ सरळ केली, हात कपाळावर आडवा धरून वर बघितलं आणि ओरडली, "खाली याऽऽ!"

"वेळ न्हाईऽऽ! आकडे सांगऽऽ!"

"तोंड बघून बोलतेऽऽ! खाली याऽऽ!"

आणि परत खणायला लागली. तिनं एकदा मान खाली घातली की दरड कोसळली तरी ती वर बघत नाही, हे मला ठाऊक होतं. मी फोनवर त्याला 'दोन मिनिटं थांबा, धरून ठेवा' म्हणालो आणि फोन हातात घेऊन उताराला लागलो. पायाखाली दगड निसटत होते, मी वैनीला, त्या रीतीला आणि ती रीत घालून देणाऱ्या सगळ्या पूर्वजांना बडबडत होतो. मोठ्या खडकाशी पोचलो तोवर त्याच्या आवाजाचे तुकडे पडायला लागले. "सर... रक्क... लवक..." करवंदीच्या जाळीपाशी तो पूर्ण बंद झाला. वर चढू की खाली उतरू, अशा पेचात मी जाळीपाशी क्षणभर उभा राहिलो आणि मग खालीच उतरलो, कारण आता मला भांडायचं होतं.

वैनीनं पाटातल्या पाण्यात हात धुतले, पदराला पुसले आणि शांतपणे विचारलं, "काय म्हनत होता त्यो?"

मी एका दमात सगळं सांगितलं. रिसॉर्ट, दोन क्विंटल, दर महिना, आगाऊ रक्कम. "आणि तू बसलीस हाका मोजत!" मी म्हणालो. "गेली आता रक्कम परत!"

"पैसे त्यो देनार हुता, न्हवं?"

"मग काय सांगतोय मी?"

"त्यो देनार, आनि पिन मी टाकायचा?" ती म्हणाली. "बाजारात गिऱ्हाईक नोट देतंय, तवा ती घ्यायला मी घरातली पेटी उगडून ठेवते काय, भावजी?"

शाळेचा व्हरांडा, टेबल, त्यावर आपटलेली माझी मूठ, सगळं डोळ्यांपुढे आलं. घेताना पिन कधीच लागत नाही. हे वाक्य मी वाडीला शिकवलं होतं. मी बांधावर खाली बसलो. मी पिन मिळवून टाकला असता तर त्या दिवशी दुपारी वैनीच्या खात्यात काहीही उरलं नसतं, कारण स्क्रीनवरचा तो आकडा कुठून आला होता ते आता मला कळत होतं. शेवटच्या सुट्ट्या पैशांपुरता फरक सोडला तर तो मीच वाचून दाखवलेला आकडा होता.

वैनीनं तांब्याभर पाणी आणून दिलं. मी प्यायलो. मग म्हणाली, "चला वर. त्यो परत करील फोन."

"आता कशाला?"

"चला की."

आम्ही दोघं टेकाडावर चढलो. झाडाखाली पाय ठेवला आणि फोन वाजला. तिनं तो नुसता हातात धरून ठेवला. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला, तिनं झाडाच्या बुंध्याला पाठ खाजवून घेतली. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिनं उचलला आणि मोठ्या आवाजावर टाकला.

"सर, काय झालं सर—"

"सर न्हाईत. मी हाय. कोनं माझी हायत," वैनी म्हणाली आणि पुढे तिनं जे सुरू केलं ते मी जन्मात विसरणार नाही. माल तयार आहे, म्हणाली, येऊन बघून घ्या, बघितल्याशिवाय मी विकत नाही. नंदिगड्ड्यापर्यंत बस आहे, आली तर आली. तिथून चालायचं, दीड तास. पहिला ओढा लागला की चप्पल काढा, दुसऱ्याला काढू नका, खाली शेवाळ आहे. बांबूच्या वळणाला सकाळचे गवे उभे असतात, त्यांच्याकडे बघू नका, ते जाईपर्यंत बसा. पोती तुमची आणा, पैसे रोख आणले तरी चालतील, आणि येताना माझ्यासाठी दोन कुदळीचे दांडे आणाल तर बरं होईल, इकडे चांगले मिळत नाहीत. जेवायलाच या. मासे खाता न्हवं?

पलीकडून फोन कट झाला. वैनीनं थोडा वेळ वाट बघितली. चौथा फोन काही आला नाही. "गवे म्हनलं की घाबरलं बगा," ती म्हणाली आणि मला हसू फुटलं. मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यातलं सगळंच काही हसण्याचं नव्हतं.

मी लगेच तो नंबर सायबर तक्रारीच्या हेल्पलाईनवर कळवला आणि सोमवारी वैनीसमोर बँकेच्या माणसाशी बोलून सगळं ठीक असल्याची खात्री करून घेतली. वाडीत मला कुणी काही विचारलं नाही. एरवी कुणाची कोंबडी पळाली तरी महिनाभर चघळणारी माणसं, पण या बाबतीत सगळे गप्प. मला वाटलं, कुणाला कळलंच नाही.

स्कुटर शिमग्याच्या आधी आली. लाल. वैनी पहिल्या दिवशी तीनदा पडली आणि तीनदा उठली. दादा वाकलेला आरसा सरळ करत राहिला. पंधरा दिवसांत ती कच्च्या रस्त्यावरून पोतं घेऊन जायला लागली आणि महिनाभरात मला दुकानापर्यंत सोडायला लागली. पुढे पोतं, मागे मी आणि हँडलखाली कोडचा फलक.

एके दिवशी असंच जाताना बांबूच्या वळणाला गवे उभे होते. वैनीनं स्कुटर बंद केली आणि आम्ही ते जाण्याची वाट बघत बसलो. तिची पाठ माझ्याकडे होती म्हणून असेल, पण मला धीर आला. "वैनी," मी म्हणालो, "तुला एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी त्या माणसाला तुझ्या खात्यातला आकडा मीच सांगितला होता. सगळा. पैशांसकट."

"ठाव हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"कसं म्हंजे? झाडाखाली हळू कोन बोलतंय काय? तुमी वरडून सांगितलासा. मी परसात ऐकला, म्हाताऱ्यानं गोठ्यात ऐकला, अख्ख्या वाडीनं ऐकला." गव्यांकडे बघतच ती बोलत होती. "तवाच मी म्हनलं, आता तिसरी हाक आली तरी तोंड बघितल्याबिगर काय सांगायचं न्हाई. भावजी हायत, पन आता भावजींच्या तोंडातनं दुसराच कोन बोलतोय."

मी विचारलं, "मग वाडीत मला कुणी काहीच कसं म्हणालं नाही?"

"मी सांगितलं हुतं," ती म्हणाली. "जो भावजींना हसंल त्याला माझ्या स्कुटरवर बसाय मिळनार न्हाई."

गवे गेले. तिनं स्कुटर चालू केली आणि मला दुकानापाशी सोडलं. मी कुलूप काढलं, बाकावर बसलो आणि मग आठवलं की चष्मा तिच्या डिकीतच राहिला. बाहेर धावलो तर ती वळणापर्यंत पोचली होती. मी हाक मारली. थांबली नाही. पुन्हा मारली, तरी नाही. मला राग आला नाही. मी दम घेतला आणि तिसरी हाक मारली, तशी लाल स्कुटर रस्त्याच्या कडेला थांबली आणि वैनीनं मागं वळून माझं तोंड बघितलं.